अनाहूत जोड्यांचा बंदोबस्त

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, जिल्ह्यात वडगाव या नावाची गावे इतकी आहेत की, केवळ ‘मुक्काम वडगाव’ एवढ्या पत्त्यावर टाकलेले पत्र कोणत्या तालुक्यात जाऊन पडेल हे टपालखात्यालाही खात्रीने सांगता येणार नाही. आणि म्हणूनच लोकव्यवहाराने व महसुली दफ्तराने मिळून नगर तालुक्यातील वडगावाला गुप्ता, संगमनेरातील वडगावाला पान आणि पारनेरातील वडगावाला सावताळ अशी जोडनावे लावून दिलेली आहेत. ही तजवीज ज्यांनी केली त्यांनी नामकरणाचे एक तत्त्व नकळत पाळले. एखादे नाव उत्तम की सदोष, याचा निवाडा त्या एका गावापुरता पाहून करता येत नाही. पंचक्रोशीतील, तालुक्यातील आणि जिल्ह्यातील इतर सर्व नावांशी त्याची रुजवात घातली, म्हणजेच ते आपल्या कामाचे आहे की घोटाळ्याचे, हे कळून येते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या डीएनएच्या धाग्यांची रचना करताना शास्त्रज्ञांना नेमका हाच प्रश्न पडतो. भेद इतकाच की, टपालवाटप करणारा इसम अनुभवी असेल तर चुकीच्या पत्त्यावरूनही पत्र योग्य घरी पोहोचवितो, परंतु रेणूंच्या राज्यात असा तारतम्य जाणणारा कोणी नसतो. धागा जेथे चिकटू शकतो तेथे तो चिकटतोच, आणि त्याने तसे करू नये अशी इच्छा असेल, तर तिची व्यवस्था अक्षरे लिहितानाच करावी लागते.

डीएनएची वर्णमाला चारच अक्षरांची आहे हे आता शालेय पुस्तकांतूनही सांगितलेले असते. अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांना आपण सोयीसाठी अ, थ, ग आणि स अशी अक्षरे देऊ. अ आणि थ यांची जोडी दोन हायड्रोजन बंधांनी जुळते, ग आणि स यांची तीन बंधांनी. आणि दोन धागे जेव्हा एकमेकांभोवती वळसे घेतात तेव्हा ते परस्परांच्या उलट दिशेने धावत असतात. प्रत्येक धाग्याला आरंभ आणि शेवट असतो, व रसायनशास्त्रज्ञ ही दोन टोके अनुक्रमे पाच आणि तीन या अंकांनी ओळखतात. यावरून असे निष्पन्न होते की, एखाद्या शब्दाचा जोडीदार शोधावयाचा असेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचे पूरक अक्षर लिहून नंतर संपूर्ण शब्द उलटा वाचावा लागतो. उदाहरणार्थ, ‘अथगससथगअ’ हा आठ अक्षरांचा शब्द घेतला, तर अक्षरशः पूरक ‘थअसगगअसथ’ असा होईल आणि तो उलटा वाचला म्हणजे ‘थसअगगसअथ’ हा त्याचा खरा जोडीदार हाती येईल. या दोन शब्दांचे धागे एका थेंबभर पाण्यात, योग्य क्षार आणि योग्य उष्णमान असताना, एकत्र आले की कोणाच्याही मध्यस्थीवाचून ते एकमेकांना शोधून काढतात.

या स्वयंशोधाच्या गुणावरच आधुनिक जीवशास्त्रातील कितीतरी उपकरणे उभी आहेत. परंतु जो गुण उपकारक आहे तोच अपकारकही ठरू शकतो. कारण दोन धाग्यांनी जुळण्यासाठी त्यांची सर्वच अक्षरे पूरक असली पाहिजेत असा निसर्गाचा कोठेही दंडक नाही. वीसपैकी पंधरा अक्षरे जुळली तरी थोड्या थंड द्रावणात बंध तग धरू शकतो. कित्येकदा धाग्याच्या अगदी शेवटची चारपाच अक्षरे जुळली तरी अनर्थ ओढवण्यास तेवढी पुरेशी होतात. यास्तव धाग्यांचा संच रचणाऱ्याचे काम इष्ट जोड्या जुळविण्यापाशी संपत नाही. इष्ट जोड्या तर पूरकतेच्या नियमाने आपोआप सिद्ध होतात. त्यात कौशल्य ते कोणते? खरे कौशल्य अनिष्ट जोड्या टाळण्यात आहे, आणि या जोड्यांची संख्या धाग्यांच्या संख्येपेक्षा फार झपाट्याने वाढत असते.

या गणिताचा प्रत्यक्ष उपयोग पाहावयाचा तर नगर जिल्ह्यातच एक उदाहरण सापडते. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण केलेल्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला भगवा हा डाळिंबाचा वाण आज या जिल्ह्यातील बागायतदारांच्या परिचयाचा आहे. या डाळिंबाच्या मुळावर उठलेला एक रोग म्हणजे तेल्या. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, पुढे फळाला तडे जातात, आणि बहर धरताना केलेला खर्चही पदरात पडेनासा होतो. झँथोमोनास वर्गातील एका जिवाणूमुळे हा रोग होतो, आणि भारतात त्याची नोंद १९५२ सालीच झालेली आहे. या जिवाणूचे विशेष दुष्टपण असे की, तो गुटी कलमांतून सुप्तावस्थेत प्रवास करतो. रोपवाटिकेतून आणलेले रोप वरून टवटवीत दिसावे, आणि पावसाळी हवा मिळताच त्याच्यातून रोग प्रकट व्हावा, असे घडू शकते. अशा वेळी डाग दिसण्याची वाट न पाहता रोपाच्या पानातील डीएनए काढून त्यात जिवाणूचा डीएनए आहे की नाही हे तपासणे हाच दूरदर्शी उपाय होय, आणि या तपासणीचे नाव पीसीआर.

कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचलेल्या आणि १९९३ साली नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या या पद्धतीत वीसएक अक्षरांचे दोन लहान धागे वापरतात. प्रयोगशाळांतून त्यांना प्रायमर म्हणतात. जिवाणूच्या एखाद्या जनुकाच्या अलीकडच्या हद्दीवर एक आणि पलीकडच्या हद्दीवर दुसरा, असे हे प्रायमर चिकटतात. प्रथम द्रावण सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून जुने धागे विलग करतात, नंतर ५५ ते ६० अंशांवर आणून प्रायमरांना आपापल्या जागी बसू देतात, आणि मग ७२ अंशांवर पॉलिमरेज नावाचे विकर प्रायमराच्या शेवटच्या टोकापासून पुढे अक्षरामागून अक्षर लावीत नवा धागा विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. त्यामुळे एका रेणूपासून तीस फेऱ्यांअखेर, तत्त्वतः, १०७ कोटींहून अधिक प्रती निर्माण होतात. नमुन्यात जिवाणू नसेल तर प्रायमरांना बसावयास जागाच नाही आणि काही वाढणारही नाही, असे हे साधे तर्कशास्त्र आहे.

परंतु एवढ्याने कोणताही जबाबदार तपासनीस संतुष्ट होत नाही. काहीच वाढले नाही याचा अर्थ जिवाणू नाही असाही असू शकतो, किंवा पानातून डीएनए नीट निघालाच नाही असाही असू शकतो. म्हणून त्याच नळीत डाळिंबाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकासाठी प्रायमरांची दुसरी जोडी साक्षीदार म्हणून घालतात; ती वाढली म्हणजे तपासणी यथासांग झाली असे समजावे. आता नळीत चार धागे झाले. त्यांच्यापैकी कोणीही कोणाशी, आणि स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीशीही, जुळता कामा नये. स्वतःशी होणारी जोडी धरून चार धाग्यांच्या दहा जोड्या होतात, आणि दहाही निषिद्ध आहेत. सहा जनुके एका नळीत तपासावयाची ठरविली तर बारा धाग्यांच्या ७८ जोड्या, दहा जनुकांसाठी वीस धाग्यांच्या २१० जोड्या, आणि शंभर धागे घेतले तर ५,०५० जोड्या तपासून प्रत्येकीवर नकाराचा शिक्का मारावा लागतो. इष्ट कार्ये दहा आणि निषेध २१०, असा हा व्यवहार आहे.

या निषेधातील एखादा चुकला तर काय घडते ते जवळून पाहू. समजा, एका प्रायमराचा शेवट ‘थगसस’ या चार अक्षरांनी होतो आणि दुसऱ्याचा ‘गगसअ’ या चार अक्षरांनी. दोन्ही प्रायमर आपापल्या जागी निर्दोष आहेत. प्रत्येकाला सुटे तपासले तर बोट ठेवण्यास जागा नाही. परंतु ‘थगसस’ याचा उलटा पूरक ‘गगसअ’ हाच असल्यामुळे हे दोन धागे टोकाला टोक लावून चार अक्षरांपुरते जुळतात. चार अक्षरांचा बंध दुबळा, क्षणभर टिकणारा. तथापि तेवढ्या क्षणात पॉलिमरेज तेथे येऊन पोहोचले तर ते आपले काम इमानेइतबारे करते, आणि दोन्ही धागे पुढे विणून वीस अधिक वीस उणे चार, म्हणजे ३६ अक्षरांचा एक दुपदरी तुकडा तयार करते. हा तुकडा एकदा जन्माला आला की चूक दुरुस्त होण्याची आशा सरते, कारण त्याच्या दोन्ही टोकांवर आता दोन्ही प्रायमरांच्या संपूर्ण जागा आहेत, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तो खऱ्या जनुकाप्रमाणेच दुप्पट होत जातो. त्यातही तो आखूड असल्यामुळे लवकर विणून होतो, आणि खऱ्या कामासाठी ठेवलेली प्रायमरांची शिधासामग्री तोच फस्त करतो. रोगी रोप निरोगी ठरावे किंवा निरोगी रोप रोगी ठरावे, हे दोन्ही परिणाम या एकाच दोषातून संभवतात. या जोडधाग्याला प्रायमर-डायमर म्हणतात, आणि पीसीआर करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची धागे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवरील, त्याच्या खालच्या अंधुक पट्ट्याशी लवकरच ओळख होते.

हा दोष शिकाऊ हातांपुरता मर्यादित नाही, हे सर्व जगाने २०२० साली पाहिले. त्या वर्षाच्या जानेवारीत नव्या करोना विषाणूची सुमारे ३०,००० अक्षरांची जनुकीय संहिता प्रसिद्ध झाली, आणि देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी तिच्यातून प्रायमर निवडण्यास प्रारंभ केला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीच्या आरंभी आपला तपासणीसंच तेथील प्रयोगशाळांना धाडला. परंतु ज्या नळ्यांत विषाणूचा लवलेशही नव्हता अशा नळ्यांतूनही काही ठिकाणी होकाराचे संकेत येऊ लागले. पुढे त्या केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी केलेली मीमांसा २०२१ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तीत दोन दोष निघाले. संचाच्या एका घटकात कृत्रिम डीएनएची भेसळ झाली होती; ही हाताळणीतील चूक होय. दुसऱ्या घटकात मात्र भेसळ नव्हती; तेथे एक प्रायमर आणि प्रकाशाचा संकेत देणारा शोधक धागा हे दोघेच परस्परांशी जुळत होते. म्हणजे त्या घटकातील तीन धाग्यांच्या सहा जोड्यांपैकी एकीने जगातील एका अत्यंत साधनसंपन्न संस्थेला तोंडघशी पाडले.

त्याच सुमारास पुण्यात मायलॅब डिस्कव्हरी सोल्यूशन्स या कंपनीत मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखाली विषाणूतपासणीच्या संचाचे काम चालले होते. मार्च २०२० मध्ये मान्यता मिळालेला हा पहिला भारतीय बनावटीचा व्यापारी संच, आणि तो तपासणीसाठी सुपूर्द केल्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी या विषाणुतज्ज्ञ बाईंनी कन्येला जन्म दिला, ही हकीकत त्या वेळी वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाली होती. येथे आपणास प्रयोजन आहे ते त्यांनी संचाला लावलेल्या कसोटीचे : एकाच नमुन्याची दहा वेळा तपासणी केली तर दहाही वेळा निकाल तोच आला पाहिजे. ज्या संचात धागे परस्परांशी छुपा व्यवहार करतात तो संच या कसोटीला उतरू शकत नाही, कारण असा व्यवहार यदृच्छेने घडतो. कधी पहिल्याच फेरीत, कधी तिसाव्या फेरीत, आणि कधी मुळीच नाही.

अनिष्ट जोड्या कोणकोणत्या वाटांनी येतात याचा तपशील आता पाहावा. सर्वांत धूर्त शब्द तो, जो स्वतःचाच जोडीदार असतो. ‘गअअथथस’ हा शब्द घ्या. त्याचा उलटा पूरक काढला तर पुन्हा ‘गअअथथस’ हाच येतो. निसर्गाने या शब्दाचा उपयोगही करून घेतला आहे, कारण इकोआरवन नावाचे जिवाणूजन्य विकर नेमके याच ठिकाणी डीएनए छेदते. परंतु प्रायमरात असा शब्द आला तर त्याच्या दोन प्रती एकमेकींना मिठी मारून बसतात. दुसरी वाट केसपिनेची : ‘गगसअअअअगसस’ या धाग्यात आरंभीचे ‘गगस’ आणि शेवटचे ‘गसस’ परस्परपूरक असल्यामुळे धागा मध्येच वाकतो, चार ‘अ’कारांचा वळसा घेतो आणि स्वतःच स्वतःत गुंतून पडतो. तिसरी वाट पुनरुक्तीची. ‘अगअगअगअग’ आणि ‘सथसथसथसथ’ हे पूर्ण जुळतात खरे, परंतु एक धागा दोन अक्षरे सरकला तरीही आठपैकी सहा जोड्या शाबूत राहतात, आणि मग तो आपल्या जागी बसला की बाजूला, हे ओळखणे दुरापास्त होते. आणि चौथी वाट केवळ ‘ग’ची : सलग चार ‘ग’ वारंवार आले तर असे धागे दोघादोघांनी न जुळता चौपदरी गाठ घालू लागतात, आणि पूरकतेचा सगळा हिशेबच कोलमडतो.

या शत्रूंशी लढण्याचे पहिले शस्त्र गणिताने दिले, आणि तेही डीएनएचा विचार मनात नसताना. मोठ्या गणनयंत्रांच्या कामात चुका शिरतात म्हणून बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली असे सुचविले की, संकेतशब्द असेच निवडावेत, जे परस्परांपासून किमान अमुक इतक्या ठिकाणी भिन्न असतील. मग एखादे अक्षर बिघडले तरी मूळ शब्द ओळखू येतो. डीएनएच्या शब्दांना हा नियम दुहेरी लावावा लागतो. प्रत्येक शब्द इतर शब्दांपासून तर भिन्न असावाच, परंतु त्यांच्या उलट्या पूरकांपासूनही तितकाच भिन्न असावा. आणि शब्द सरकू शकतात म्हणून ही तुलना प्रत्येक सरकलेल्या स्थितीतही करावी. यंत्रातील अक्षर आपली जागा सोडीत नाही. द्रावणातील धाग्याला जागा अशी नसतेच.

शब्द एकापुढे एक जोडले असता त्यांच्या सांध्यावर नकळत तिसराच शब्द उत्पन्न होतो, हा आणखी एक उपद्रव. याचा विचार फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी १९५७ साली, जनुकांतील अक्षरे अमिनो आम्लांची नावे कशी लिहीत असावीत याविषयीच्या एका मनोहर सिद्धान्तात केला होता. चार अक्षरांपासून तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात. त्यांपैकी ‘अअअ’सारखे चार शब्द बाद करावेत, कारण ते दोनदा लिहिले की कोठून वाचावयास लागावे हे कळत नाही. उरलेल्या ६० शब्दांचे तीनतीनांचे २० गट पडतात, कारण ‘अथग’, ‘थगअ’ आणि ‘गअथ’ ही एकाच चक्राची तीन रूपे होत, आणि प्रत्येक गटातून एकच शब्द ठेवता येतो. अशा रीतीने विरामचिन्हावाचून निःसंदिग्ध वाचता येतील असे शब्द अधिकांत अधिक वीसच निघतात, आणि प्रथिने घडविणारी अमिनो आम्लेही वीसच! इतका सुंदर योग खोटा असेल असे कोणास वाटावे? परंतु १९६१ साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी डीएनएचाच भाईबंद असलेल्या आरएनएतील एकाच अक्षराच्या त्रिकाला अर्थ असल्याचे, म्हणजे सिद्धान्ताने बाद ठरविलेला शब्दच निसर्ग वापरीत असल्याचे, प्रयोगाने दाखवून दिले आणि सिद्धान्त मोडीत निघाला. निसर्गाने जे केले नव्हते ते मनुष्याने स्वतःचे संच रचताना मात्र पुढे उपयोगात आणले. शब्दांच्या सांध्यावर अर्थ उमटू नये ही दक्षता आज प्रत्येक रचनाकार घेतो.

धाग्यांपासून वास्तू बांधण्याची कल्पना अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ नॅड्रियन सीमन यांनी १९८२ साली मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न अधिक बिकट रूपाने उभा राहिला. चार धागे परस्परांत गुंफून चार बाहूंचा चौक बांधावयाचा होता. असे चौक पेशीत क्षणिक निर्माण होतात, परंतु बाहूंची अक्षरे सारखी असल्यामुळे त्यांचा मध्यबिंदू सरकत राहतो. सीमन यांनी उपाय योजला तो सममितीचा नाश करण्याचा. सोळा अक्षरांच्या प्रत्येक धाग्यात चार अक्षरांचे १३ तुकडे वाचता येतात. चार धाग्यांत ५२. चार अक्षरांचे एकंदर २५६ तुकडे संभवतात. त्यांतून स्वतःशीच जुळणारे १६ वर्ज्य करून, कोणताही तुकडा संपूर्ण रचनेत दुसऱ्यांदा येणार नाही अशा बेताने अक्षरे बसविली, म्हणजे धाग्याला हव्या त्या जागेवाचून अन्यत्र धड चार अक्षरेही जुळविता येत नाहीत. चौक स्थिर राहिला. पुढे या विद्येचा विस्तार होऊन रेणूंच्या जाळ्या आणि घन उभे राहिले, ते याच नियमाच्या पायावर.

१९९४ साली लेनर्ड एडलमन यांनी सात शहरे आणि चौदा रस्ते यांचे एक कोडे डीएनएच्या धाग्यांकडूनच सोडवून घेतले, तेव्हा त्यांनी शहरांना वीस अक्षरांची नावे यदृच्छेने दिली होती. सात नावांपुरते हे चालून जाते. वीस अक्षरांचे शब्द १ लाख ९ हजार कोटींहून अधिक असल्यामुळे त्यांतून डोळे झाकून उचललेली सात नावे एकमेकांच्या वाटेस जाण्याचा संभव अल्प. परंतु नावे वाढली की जोड्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, आणि दैवावर हवाला ठेवता येत नाही. म्हणूनच २००२ साली जेव्हा त्यांच्या चमूने १०,४८,५७६ पर्यायांतून एक उत्तर निवडण्याचा प्रयोग केला, तेव्हा धाग्यांतून ‘ग’ हे अक्षरच वगळले. केवळ अ, थ आणि स यांनी लिहिलेल्या धाग्यांत ‘स’ला जोडीदारच उरत नाही, जुळलेच तर अ आणि थ तेवढे दुबळेपणाने जुळतील. एका अक्षराच्या त्यागाने वर्णमाला तोकडी झाली, परंतु हजारो तंटे दाखल होण्यापूर्वीच निकालात निघाले.

अशा संचांची गरज आता संगणकाच्या माहितीसाठीही भासू लागली आहे. मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३५ फायली, एकंदर २०० मेगाबाइटांहून अधिक माहिती, सव्वा कोटीहून अधिक डीएनए धाग्यांत लिहून ठेविली आणि प्रत्येक फाइलीला प्रायमरांची स्वतंत्र जोडी दिली. एक फाइल मागितली असता दुसरी येता कामा नये. शिवाय प्रायमराचे अक्षरसूत्र सव्वा कोटी धाग्यांच्या मजकुरातही कोठे योगायोगाने उमटलेले नसावे. दफ्तर मोठे झाले की अनुक्रमणिकेची शिस्त कडक करावी लागते, याचा प्रत्यय रेणूंनाही येतो.

अक्षरे भिन्न असली की काम भागले, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. सर्व धागे एकाच नळीत, एकाच उष्णमानावर काम करणार. म्हणून त्यांच्या बंधांचे सामर्थ्यही समतोल असले पाहिजे. आखूड धाग्यांसाठी एक ढोबळ नियम असा की, प्रत्येक अ किंवा थ साठी दोन आणि प्रत्येक ग किंवा स साठी चार अंश धरून बेरीज करावी. वीस अक्षरांत दोन्ही वर्ग दहादहा असतील तर ६० अंश. परंतु ग आणि स मिळून चौदा असतील तर ६८, आणि सहाच असतील तर ५२. अशा विषम धाग्यांना ६० अंशांवर एकत्र आणले तर दुबळा धागा आपल्या जागीच बसणार नाही आणि सबळ धागा अर्धवट जुळणाऱ्या परक्या जागीही ठाण मांडील. याहून सूक्ष्म हिशेब शेजारधर्माचा आहे, कारण बंधाचे बळ अक्षरांवर जितके, त्याहून अधिक ते शेजारच्या अक्षरांच्या परस्परांवरील रचणीवर अवलंबून असते. दोन शेजारी अक्षरांचे सोळा प्रकार संभवतात, परंतु दुपदरी धागा दोन्ही बाजूंनी वाचता येत असल्याने त्यांतील भिन्न असे दहाच उरतात. आणि या दहांचे ऊर्जामूल्य विविध प्रयोगशाळांच्या मोजण्यांचा मेळ घालून जॉन सांतालुसिया यांनी १९९८ साली एका कोष्टकात प्रसिद्ध केले. आज कोणतीही संगणकीय आज्ञावली धाग्यांची परीक्षा करते ती बहुधा या कोष्टकाच्या आधारानेच.

मग संगणकालाच सर्वोत्तम संच शोधावयास का सांगू नये? सांगता येते, परंतु उत्तराची हमी मिळत नाही. कोणते शब्द परस्परांना चालतात आणि कोणते चालत नाहीत याची यादी केली, की त्यांतून अधिकांत अधिक अविरोधी शब्द निवडणे हा गणितातील एक कुप्रसिद्ध कठीण प्रश्न बनतो. त्याचे सर्वोत्तम उत्तर सदैव झटपट काढून देणारी रीत आजवर कोणास सापडलेली नाही. म्हणून व्यवहारी मार्ग पत्करतात : एक शब्द घ्यावा, आधी मंजूर झालेल्या प्रत्येक शब्दाशी ताडून पाहावा, पटला तर ठेवावा, न पटला तर टाकावा किंवा एखादे अक्षर बदलून पुन्हा हजर करावा. ज्याला डाळिंबाचा जिवाणू शोधावयाचा आहे त्याला तर याहूनही कमी मुभा असते, कारण त्याच्या प्रायमरांची अक्षरे जिवाणूच्या जनुकात जी लिहिलेली आहेत तीच. त्याला फार तर पाचदहा अक्षरे अलीकडे किंवा पलीकडे सरकता येते, आणि त्यातच डाळिंबाचा स्वतःचा डीएनए आणि पानावरचे निरुपद्रवी जिवाणू हेही चुकवावे लागतात.

कागदावर निर्दोष ठरलेला संच अखेर नळीतच सिद्ध होतो. म्हणून प्रत्येक तपासणीबरोबर एका नळीत नमुन्याऐवजी केवळ शुद्ध पाणी घालतात; बाकी सर्व धागे, विकर आणि क्षार तेच. या नळीतून काही वाढून आले तर दोष नमुन्याचा नव्हे, एक तर भेसळीचा किंवा धाग्यांच्या आपसातील संगनमताचा, हे निर्विवाद होते. पुष्कळ अनिष्ट जोड्या नळी तापण्यापूर्वी, द्रव्ये एकत्र करीत असताना साध्या खोलीच्या उष्णमानावरच जुळतात असे आढळल्यावर, नळी पुरेशी तापेपर्यंत निष्क्रिय राहील असे विकर वापरण्याची रीत पडली. रचनेतील उणीव अशा युक्तीने काही अंशी झाकता येते. भरून काढता मात्र येत नाही.

डाळिंबाच्या बागांना तेल्याप्रमाणेच मर रोगानेही ग्रासले आहे, आणि एकाच नळीत दोन्ही रोगांची तपासणी व्हावी अशी मागणी कोणी रोपवाटिकाधारकाने केली तर ती सर्वथा रास्त ठरेल. ती पुरी करताना जुन्या चार धाग्यांत आणखी दोन घालावयाचे, एवढेच काम दिसते. परंतु हिशेब वेगळा आहे. चार धाग्यांच्या दहा जोड्या पूर्वी तपासून झाल्या होत्या. सहा धाग्यांच्या २१ होतात, म्हणजे दोन धाग्यांच्या प्रवेशाने अकरा नवे निषेध उभे राहिले, आणि त्यांपैकी आठ नव्यांचे जुन्यांशी आहेत. जुना संच वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत आला हे या आठांच्या बाबतीत कोणतेच प्रमाण नव्हे. तेव्हा ज्याला संच वाढवावयाचा आहे त्याने नव्या धाग्यांची किंमत दोन अशी न धरता अकरा अशी धरावी, तेवढ्या तपासण्यांचा वेळ आणि पैसा आधीच अंदाजपत्रकात घालावा, आणि पाण्याची नळी नव्या संचासाठी पुन्हा पहिल्यापासून चालवून पाहिल्याशिवाय कोणत्याही रोपाला निरोगीपणाचा दाखला देऊ नये.